इटालियन क्रियापद आणि मराठी व्याकरण

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आमची एक माजी विद्यार्थिनी आम्हांस भेटावयास आली. परिचारिकेचा अभ्यासक्रम पुरा करून ती नोकरीनिमित्त इटलीस जाण्याच्या तयारींत होती, व त्यासाठीं चार महिने इटालियन भाषा शिकत होती. तिच्या हातीं क्रियापदांच्या कोष्टकांचें एक जाड पुस्तक होतें. "सर, कोष्टकें सगळीं पाठ आहेत; पण बोलावयास तोंड उघडलें कीं चुकतें," असें ती म्हणाली. बरोबर तिचे वडील होते. ते म्हणाले, "सर, राग मानूं नका, पण शाळेंत मराठी व्याकरणांत जे तास गेले, ते एखाद्या परदेशी भाषेला दिले असते, तर आज हिला इतका त्रास पडला नसता."

हें मत त्या एकट्या गृहस्थांचें नाहीं. पालकसभेंतही तें अलीकडे वारंवार ऐकूं येतें. आमचें मत याच्या नेमकें उलट आहे. तें कां, हें त्याच इटालियन क्रियापदाच्या आधारानें सांगावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम हें कबूल केलें पाहिजे कीं, अडचण खरी आहे. इटालियन क्रियापदांचे शेवटावरून तीन गण पडतात: 'आरे', 'एरे' आणि 'इरे'. पार्लारे म्हणजे बोलणें, क्रेदेरे म्हणजे मानणें, दोर्मीरे म्हणजे झोंपणें. प्रत्येक क्रियापदाचे अर्थ सात, आणि सगळे मिळून काळ एकवीस. त्यांतील आठ काळ एकट्या स्वार्थाचे. मग पुरुष आणि वचन यांप्रमाणें रूपें बदलतात: पार्लो, पार्ली, पार्ला, पार्लियामो, पार्लाते, पार्लानो. इतकें झाल्यावर अनियमित क्रियापदें वाट अडवून उभीं असतात. आंदारे म्हणजे जाणें. पण 'मी जातों' याला वादो म्हणतात, आणि 'आम्ही जातों' याला आंदियामो. हें पाहून शिकणारा गांगरला, तर त्यांत नवल तें काय? मात्र त्यानें क्षणभर थांबून स्वतःस विचारावें कीं, आपलें 'जाणें' तरी कोठें सरळ आहे? 'जातो' म्हणतां म्हणतां आपण 'गेला' म्हणतों, आणि त्यांत कांहीं विलक्षण आहे, हें आपल्या ध्यानींही येत नाहीं.

आम्हीं त्या मुलीस एक सोपें वाक्य दिलें: "मी बाजारांत गेलें आहें." तिनें तत्काळ 'ओ आंदातो' असें रूप सांगितलें. तें चूक होतें. ती मराठीवरून इंग्रजींत गेली, इंग्रजीच्या चालीनें 'जवळ असणें' या अर्थाचें साहाय्यक क्रियापद तिनें घेतलें, आणि मग इटालियनमध्यें उतरली. खरें रूप 'सोनो आंदाता' असें आहे. सोनो म्हणजे 'आहें', आणि आंदाता म्हणजे 'गेलेली'. बोलणारा पुरुष असता तर आंदातो झालें असतें. पुष्कळ जण गेले तर आंदाती, पुष्कळ जणी गेल्या तर आंदाते. आतां 'गेला, गेली, गेले, गेल्या' हीं रूपें मनांत म्हणून पाहावीं. जी गोष्ट इंग्रजींतून येणाऱ्यास नवी म्हणून शिकावी लागते, ती आपलें दोन वर्षांचें मूल अंगणांत खेळतांना बोलत असतें. घरचा रस्ता सोडून ही मुलगी दूरच्या वळणानें गेली, आणि वाटेंत हरवली.

दुसरें उदाहरण याहून मौजेचें आहे. 'मीं कागद लिहिला, मीं चिठ्ठी लिहिली, मीं पत्र लिहिलें' यांस आपण कर्मणि प्रयोग म्हणतों. क्रियापद कर्त्याकडे न पाहतां कर्माकडे पाहतें. इटालियनमध्यें कर्म क्रियापदानंतर आलें, तर तसें होत नाहीं. परंतु 'तें', 'ती' अशा सर्वनामाच्या रूपानें तें आधीं आलें, कीं भूतकाळवाचक धातुसाधित त्याच्या लिंगवचनाप्रमाणें फिरतें. चिठ्ठीविषयीं बोलतांना 'लो स्क्रित्ता', म्हणजे 'ती मीं लिहिली'. पुस्तकाविषयीं बोलतांना 'लो लेत्तो', म्हणजे 'तें मीं वाचलें'. कर्मणि प्रयोग ज्याला खरोखर समजला आहे, त्याला हा नियम एका वाक्यांत सांगतां येतो. ज्यानें तो परीक्षेपुरता घोकला, त्याला दहा वेळां सांगूनही तो परकाच वाटतो.

भूतकाळाचीही हीच गोष्ट. 'आजोबा रोज सकाळीं चर्चमध्यें जात' आणि 'आजोबा काल चर्चमध्यें गेले' या दोहोंतील भेद आपण रीतिभूत व साधा भूत अशा नांवांनीं शिकतों. इटालियनमध्यें पहिल्यासाठीं अपूर्ण भूतकाळ असतो: आंदावा. 'जात होते' हा अर्थही त्याच रूपांत येतो. दुसऱ्यासाठीं 'ए आंदातो' किंवा 'आंदो'. यांतील शेवटलें रूप ग्रंथांत सर्वत्र भेटतें व दक्षिण इटलीच्या बोलण्यांत अधिक ऐकूं येतें. उत्तरेकडे बोलतांना तें क्वचितच वापरतात. इटालियन गोष्टीही 'चेरा ऊना वोल्ता' म्हणून, म्हणजे आपल्या 'एक होता राजा' प्रमाणें, अपूर्ण भूतकाळानेंच सुरू होतात.

आज्ञेचें पाहा. सलगीच्या माणसास 'बोल' म्हणावयाचें तर पार्ला. पण वडीलधाऱ्यास 'आपण बोलावें' म्हणावयाचें तर इटालियन मनुष्य आज्ञार्थ टाळतो, आणि ज्यास त्यांचे व्याकरणकार कोंजुंतीवो म्हणतात त्या अर्थाचें रूप घेतो: पार्ली. आपणही आदरणीय पाहुण्यास 'बस' म्हणत नाहीं. 'बसावें' असें विध्यर्थानें म्हणतों. निषेधांतही तसेंच साम्य आहे. 'पार्ला' याच्या आधीं नुसता नकार लावून 'बोलूं नको' होत नाहीं. 'नोन पार्लारे' असें मूळ धातुसाधित रूप घ्यावें लागतें. आपणही 'बोल नको' म्हणत नाहीं, 'बोलूं नको' असें म्हणतों.

आतां ज्या ठिकाणीं हा विषय केवळ मौजेचा राहत नाहीं, तेथें येऊं. आम्हीं त्या मुलीस विचारलें, "वृद्ध रोग्यानें औषध घेतलें कीं नाहीं, असें डॉक्टरांनीं विचारलें, तर काय सांगशील?" 'आ प्रेझो ला मेदिचीना' म्हणजे 'औषध घेतलें आहे'. 'क्रेदो के आब्बिया प्रेझो ला मेदिचीना' म्हणजे 'औषध घेतलें असावें, असें मला वाटतें'. एकांत डोळ्यांनीं पाहिल्याची ग्वाही आहे, दुसऱ्यांत अंदाज आहे. पहिल्यावर विसंबून डॉक्टर पुढचें औषध देतील, दुसरें ऐकून ते आधीं चौकशी करतील. 'आहे' आणि 'असावें' यांमधील अंतर जिला आपल्या भाषेंत ओळखूं येत नाहीं, तिला तें परक्या भाषेंत कोण शिकवणार? अर्थ बदलणें म्हणजे शब्दाचें शेपूट बदलणें नव्हे. आपण किती खात्रीनें बोलत आहों, याची ती प्रामाणिक कबुली आहे. खरें बोलण्याचें शिक्षण जें आपण मुलांस देऊं पाहतों, त्याचा एक मोठा भाग व्याकरणाच्या तासाला होत असतो.

मराठी सर्वत्र उपयोगी पडते, असें म्हणणें मात्र खोटें होईल. 'मला वेळ असता, तर मी आलों असतों' या संकेतार्थी वाक्यांत आपण दोन्ही अंगांस 'असता-असतों' अशीं सारखींच रूपें देतों. इटालियन भाषा 'जर'च्या अंगास कोंजुंतीवो व 'तर'च्या अंगास संकेतार्थ देते. मराठीच्या सवयीनें दोन्हीकडे संकेतार्थ घातला तर चूक होते. आणि गंमत अशी कीं, हीच चूक इटलींतील मुलेंही करतात व तेथील शिक्षक ती तांबड्या शाईनें सुधारतात. परंतु दोन वाटा कोठें फुटतात, हें तरी कोणास कळेल? ज्यास आपली वाट नीट ठाऊक आहे, त्यासच.

कोणी म्हणेल, आतां हातांतल्या फोनवर क्षणांत भाषांतर होतें. मग हा खटाटोप कशाला? भाषांतर होतें हें खरें. पण 'घेतलें आहे' म्हणावयाचें कीं 'घेतलें असावें', हें फोन ठरवीत नाहीं. तें बोलणाऱ्यानें आधीं ठरवावें लागतें.

परक्यांनीं आपल्या भाषेसाठीं काय केलें, तेंही आठवावें. थॉमस स्टीफन्स या इंग्रज गृहस्थांनीं १५७५ सालीं रोम येथें येशूसंघांत प्रवेश केला आणि १५७९ सालीं ते गोव्यास आले. त्यांचें मराठी 'क्रिस्तपुराण' १६१६ सालीं छापलें गेलें, आणि त्यांनीं पोर्तुगीज भाषेंत लिहिलेलें कोंकणीचें व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर १६४० सालीं रायतूर येथें छापून निघालें. विल्यम कॅरे यांचें मराठी व्याकरण १८०५ सालीं श्रीरामपूरच्या छापखान्यांतून बाहेर पडलें. आपल्या दादोबा पांडुरंगांचें व्याकरण १८३६ चें. सातां समुद्रांपलीकडून आलेल्या माणसांनीं आपल्या 'करतो, करी, करील, करावें' यांसाठीं दिवे जाळले. आणि आपल्या मुलांनीं तीं रूपें निरुपयोगी म्हणून टाकावीं, हें शोभतें काय?

येथें आमचा दोषही सांगितला पाहिजे. पुष्कळ वर्षें आम्हीं 'क्रियापद चालवा' एवढेंच सांगितलें, आणि मुलांनीं तें कवाईतीसारखें चालविलें. एका रूपानें अर्थांत काय फरक पडतो, हें आम्हीं क्वचितच विचारलें. मुलांना व्याकरणाचा कंटाळा आला असेल, तर तो व्याकरणाचा अपराध नव्हे, आमच्या शिकवण्याचा आहे. तो सुधारावा, तास कमी करूं नयेत.

पवित्र शास्त्रांत पन्नासाव्या दिवसाच्या सणाची हकीकत आहे. प्रेषितांस परक्या भाषा बोलण्याचें दान त्या दिवशीं एकाएकीं मिळालें. आपल्याला तें रोज अर्ध्या तासाच्या हप्त्यांनीं मिळवावयाचें आहे. पण त्याच हकीकतींत आणखी एक गोष्ट आहे, ती विसरूं नये: ऐकणाऱ्या प्रत्येकास ती वार्ता आपआपल्या जन्मभाषेंत ऐकूं आली.

म्हणून, पालकहो, एवढेंच करावें. आज रात्रीं जेवणें झाल्यावर मुलास जवळ बसवून विचारावें: 'तो आला', 'तो येई', 'तो आला असावा', 'तो आला असता', 'तो आला असेल', यांत फरक काय? त्यानें बरोबर सांगितलें, तर पुढें तो इटालियन शिको कीं जर्मन, त्याची चिंता नको. सांगतां आलें नाहीं, तर दुसऱ्या दिवशीं त्यास आमच्याकडे पाठवावें; आणि आपणांसही सांगतां आलें नाहीं, तर संकोच न करितां त्याच्याबरोबर यावें.