पिशवी गढूळ दिसली तर फेकू नका, घेऊन निघा

उमरगा तालुक्यात घरच्या घरी पोटाचं डायलिसिस करणाऱ्या सगळ्या रुग्णांना आणि त्यांच्या घरच्यांना ही कळकळीची विनंती.

पोटातून निघालेलं पाणी स्वच्छ, फिकट पिवळं असतं. भरलेली पिशवी वर्तमानपत्रावर ठेवा. तिच्यातून अक्षरं वाचता आली नाहीत, तर पोटाच्या आवरणाला जंतुसंसर्ग झालाय असंच धरून चाला. ताप नसला तरी, पोट फारसं दुखत नसलं तरी. ‘काल काही बाधलं असेल’ म्हणत ओवा चावून पडून राहू नका. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात दवाखान्यात पोचल्यानंतर औषध सुरू व्हायला लागलेल्या तासागणिक पोटातली डायलिसिसची नळी काढावी लागण्याचा किंवा जीव जाण्याचा धोका सुमारे ७ टक्क्यांनी वाढलेला दिसला. आपल्याला तर त्याआधी सोलापूर नाहीतर लातूर गाठायचं असतं!

नळी नेहमीसारखी बंद करा, गढूळ पिशवी बरोबर घ्या आणि निघतानाच डायलिसिस केंद्राला फोन करा. नमुना देण्याआधी मेडिकलमधून गोळ्या आणून खाल्ल्या, तर कल्चरमध्ये, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून बघण्याच्या तपासणीत, ते बऱ्याचदा उगवत नाहीत आणि डॉक्टरांना अंदाजानं औषध द्यावं लागतं. मेडिकलवाल्यांनो, अशा रुग्णाच्या हातात परस्पर अँटिबायोटिक देऊ नका.

बहुतेकदा नेहमीचेच जंतू असतात. पिशवीतून पोटात सोडलेल्या अँटिबायोटिकनं पाणी निवळतं. पाच दिवसांत निवळलं नाही, तर बुरशी किंवा क्षय आहे का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. बुरशी निघाली, तर नळी लगेच काढावी लागते. तेव्हा ‘अजून दोन दिवस बघू’ म्हणणं जिवावर बेततं. नळी काढली की रक्ताचं डायलिसिस करावं लागतं आणि त्याची धास्ती वाटते, ठाऊक आहे. पण बरं वाटल्यावर काही जणांना नळी पुन्हा बसवता येते. क्षयाचं वेगळं आहे. औषधं लागू पडली तर नळी वाचू शकते, आणि ती औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. मात्र क्षयाचे जंतू साध्या कल्चरमध्ये सापडत नाहीत, त्याची तपासणी वेगळी करावी लागते.

घरात कुणाला क्षय होऊन गेलाय, रुग्णाचा गोठ्यात वावर आहे, कच्चं दूध पिण्यात आहे, मांजरानं नळी चावली आहे, हे न विचारताही सांगा. मांजराच्या तोंडातले जंतूही नळीवाटे पोटात जातात.

रात्री गाडी मिळाली नाही, तर १०८ ला फोन करून जवळचं रुग्णालय गाठा आणि तिथल्या डॉक्टरांचं तुमच्या डायलिसिस केंद्राशी फोनवर बोलणं करून द्या.