नियम आधी गुरूला, मग चेल्याला

दोस्तांनो, धान घरात आलं की आपल्याकडे सप्ताह बसतात. आंधळगाव घ्या, मोहाडी घ्या, नाहीतर शेजारचं कोणतंही खेडं. मंडप पडतो, भोंगे लागतात आणि संध्याकाळी व्यासपीठावर जो महाराज उभा राहतो तो बरेचदा तुमच्याच वयाचा असतो. एकोणीस-वीस वर्षांचा. खाली बसलेल्या आजोबांच्या वयाची माणसं त्याच्या पाया पडतात, समोर चार मोबाईल रेकॉर्डिंग करत असतात. कधी विचार केलाय का, या पोराला घडवतं कोण? आणि घडवणाऱ्यावर लक्ष कोणाचं असतं?

हा प्रश्न आत्ताच विचारायला हवा. फेब्रुवारी 2025 मध्ये आळंदीतल्या काही खासगी वारकरी शिक्षण संस्था बातम्यांत आल्या. तिथे शिकणाऱ्या मुलांच्या लैंगिक छळाच्या तक्रारी आल्यावर राज्य महिला आयोगाने लक्ष घातलं आणि अनधिकृत संस्था बंद करण्याच्या सूचना दिल्या. लगेच दोन तट पडले. एक म्हणाला, ‘हे सगळं बंदच करा.’ दुसरा म्हणाला, ‘आमच्या परंपरेची बदनामी चालली आहे.’ दोघांनीही एक गोष्ट पाहिली नाही. खुद्द परंपरेचे या बाबतीतले नियम काय आहेत?

ते नियम कडक आहेत. आणि गंमत बघा, ते आधी लागू होतात सांगणाऱ्यालाच. कीर्तन जिथे करायचं तिथे जेवायचं नाही, हार घालून घ्यायचा नाही, बैलासाठी वैरणही मागायची नाही, असं तुकोबा बजावतात. पैसे घेणारा आणि देणारा, दोघांनाही ते सारखेच दोषी धरतात. आज कीर्तनाची तारीख घेताना आधी ‘पाकिटा’ची बोलणी होतात, त्यावर हा चारशे वर्षांपूर्वीचा शेरा आहे. विष्णुबुवा जोग महाराजांनी 1917 मध्ये आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली, तेव्हा त्यांनाही नुसतं पाठांतर करणारे नव्हे, तर जसं बोलतात तसं जगणारे कीर्तनकार घडवायचे होते. त्याच परंपरेतले सोनोपंत दांडेकर कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचे आणि कीर्तनही करायचे. शिक्षण आणि श्रद्धा यांचं भांडण असतं, असं त्यांना कधी वाटलं नाही.

आपल्या विदर्भात तर हे आणखी ठळक दिसतं. गाडगेबाबा आधी गाव झाडायचे, मग कीर्तनाला उभे राहायचे, आणि कोणाला पायाला हात लावू द्यायचे नाहीत. तुकडोजी महाराजांनी 41 अध्यायांच्या ग्रामगीतेत प्रचारासाठी वेगळा अध्याय दिला, कारण प्रचारक घसरला तर गाव घसरतं हे त्यांना ठाऊक होतं. आणि आपल्या जिल्ह्यात ज्यांचे सेवक घरोघरी आहेत त्या बाबा जुमदेवजींची शिकवण सत्य, मर्यादा, प्रेम या तीन शब्दांवर उभी आहे. दारू आधी स्वतः सोडायची, मगच दुसऱ्याला सांगायचं. 2024 मध्ये मोहाडीतल्या एका कथेच्या व्यासपीठावरून बाबांविषयी वावगं बोललं गेलं, तेव्हा सेवकांनी पोलिसांत तक्रार दिली. व्यासपीठावरच्या माणसालाही जाब विचारता येतो, हे आपल्याच तालुक्याने दाखवून दिलं.

मग बिघडतं कुठे? ‘गुरूला प्रश्न विचारायचा नाही’ हे वाक्य जिथे संस्कार म्हणून शिकवलं जातं, तिथे. खरं तर गीता ज्ञान मिळवायचे तीन मार्ग सांगते: प्रणिपात, परिप्रश्न आणि सेवा. नमस्कार आणि सेवा यांच्या मधोमध प्रश्न बसवलेला आहे. तोच नेमका गाळायचा आणि उरलेल्या दोन गोष्टी पोराकडून करून घ्यायच्या, याला परंपरा कसं म्हणणार?

तुम्ही म्हणाल, शिस्त नको का? हवी ना. आंधळगावात कोशाचं कापड विणणाऱ्या घरात नवा पोरगा मागावर बसतो, तेव्हा तो प्रत्येक धाग्यावर वाद घालत नाही, वडीलधाऱ्यांचं ऐकतो. पण शिकवणाऱ्याचं कामही सगळ्यांसमोर असतं. कापड कोणीही उलटून बघू शकतो. धार्मिक शिक्षणात मुलं घरापासून लांब, बंद दाराआड राहतात. म्हणून तिथे दार उघडं ठेवण्याची जबाबदारी मोठ्यांची.

तुमचा लहान भाऊ, बहीण किंवा मित्र अशा ठिकाणी निघाला असेल, तर त्याला अडवू नका. फक्त काही गोष्टी बघा. संस्था नोंदणीकृत आहे का? आई-वडिलांना कधीही भेटता येतं का? मुलाला एकट्याने घरी फोन करता येतो का? शाळा सुरू राहते का? रात्री मुलं कुठे आणि कोणाच्या देखरेखीत झोपतात? आणि सगळ्यात महत्त्वाचं: जे नियम मुलांना आहेत, ते महाराजांनाही आहेत का?

आणि काही वावगं कळलं तर ‘गावाची अब्रू’ म्हणून गप्प बसू नका. 1098 हा बालकांसाठीचा मदत क्रमांक आहे. 2012 च्या ‘पॉक्सो’ कायद्यानुसार अठरा वर्षांखालच्या मुलावर अत्याचार झाल्याचं माहीत असूनही मोठ्या माणसाने ते न कळवणं हाच गुन्हा आहे.

पुढच्या सप्ताहात तुमच्या वयाचा तो महाराज भेटला, तर पाया पडण्याआधी त्याच्याशी दोन शब्द बोला. जेवलास का, शिकतोस कुठे, घरी कधी गेला होतास, एवढंच विचारा. हे त्याला कदाचित बऱ्याच दिवसांत कोणी विचारलं नसेल.