प्रिंटर आंधळा असतो, आपण नसावं!

गॅदरिंग आणि फेअरवेल उरकलं की होस्टेलवर फोटो प्रिंट करण्याचा सीझन सुरू होतो. फोटो क्लबच्या प्रिंटरसमोर रांग लागते आणि दरवर्षीचा डायलॉग कानावर येतो, "स्क्रीनवर तर झकास दिसत होता यार! चेहरे असे लालभडक का आले? प्रिंटरच भंगार आहे!"

माझं मत विचाराल तर बहुतेक वेळा प्रिंटर निर्दोष असतो. साध्या इंकजेट प्रिंटरला ट्रेमध्ये कोणता कागद ठेवलाय ते दिसत नाही. आपण सांगू तेच तो खरं मानतो. ग्लॉसी कागद घालून सेटिंग 'प्लेन पेपर'वर ठेवलं, तर तो ७५-८० जीएसएमच्या साध्या कागदाच्या हिशेबाने शाई सोडतो. मग फोटो फिका येतो, पट्टे दिसतात. उलट केलं तर साधा कागद शाईने भिजून पापडासारखा वाकडा होतो. म्हणजे पेपर टाइप हा नुसता नावाचा रकाना नाही. शाई किती सोडायची हे त्यावरच ठरतं.

आता प्रोफाइल. प्रत्येक यंत्राची रंगांची बोली वेगळी असते आणि प्रोफाइल हा त्यातला दुभाषा. कॅमेऱ्यातले, मोबाइलमधले बरेच फोटो एसआरजीबी या बोलीत असतात. १९९९ पासून ते आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड आहे. पण प्रिंटर प्रोफाइलच्या जागी एसआरजीबी निवडणं चूक. तिथे त्या प्रिंटरचं, त्या शाईचं आणि त्या कागदाचं प्रोफाइल लागतं. तिघांपैकी एक बदललं की दुभाषा चुकीचं बोलायला लागतो. बाहेरची स्वस्त रिफिल शाई भरायची आणि वर कंपनीच्या प्रोफाइलकडून अचूक रंगांची अपेक्षा करायची, हे काही खरं नाही.

त्याहून मोठा घोळ म्हणजे एका वेळी दोन दुभाषे. फोटोशॉपमध्ये रंगांची जबाबदारी फोटोशॉपकडे दिली असेल, तर प्रिंटरच्या ड्रायव्हरमधलं कलर मॅनेजमेंट बंद करा. नाहीतर रंग दोनदा बदलतात आणि चेहऱ्यांचे टोमॅटो होतात. योग्य प्रोफाइल हाताशी नसेल, तर सगळं प्रिंटरवर सोपवा आणि पेपर टाइप तेवढा बरोबर निवडा. काम भागतं. आणि हो, स्क्रीनचा ब्राइटनेस फुल्ल ठेवून फोटो एडिट केला, तर प्रिंट काळपट वाटणारच. स्क्रीन स्वतः उजेड देते, कागद देत नाही.

काही जण म्हणतील, "एवढं कोण बघतं? फोटो मोबाइलमध्ये आहे की!" आहे ना, पण मोबाइल बदलतो. घरी भिंतीवर लावलेला ग्रुप फोटो राहतो, आणि आई तो येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते. शिवाय व्हायव्हात कॅलिब्रेशनची व्याख्या घडाघडा म्हणणाऱ्या भावी इंजिनिअरांनी प्रिंट डायलॉग न वाचताच ओके दाबावं, हे काही शोभत नाही.

म्हणून दोन मागण्या. पहिली क्लबकडे: प्रिंटरशेजारी एक तक्ता चिकटवा. कोणता कागद, कोणतं सेटिंग, कोणतं प्रोफाइल, बस्स. मोठा प्रिंट काढण्याआधी एकाच शीटवर तीन-चार छोटे नमुने काढायची सवयही लावा. दुसरी मागणी सरांकडे: दरवेळी कोटेशनमध्ये सर्वांत स्वस्त पडेल ते पाकीट मागवू नका. वर्षभर एकच कागद आणि एकच शाई ठेवा. पाकिटामागे चार पैसे जास्त जातील, पण कचऱ्याच्या डब्यात पडणारे फोटो मोजले तर हिशेब आपल्याच फायद्याचा निघेल. कागद दर महिन्याला बदलत राहिला, तर तो तक्ताही चार दिवसांत रद्दीतच जाईल.

बाकी फोटोत डोळे कोणी मिटले असतील, तर त्यावर मात्र कुठलंच सेटिंग नाही!