चाप ओढण्याआधी...

बालमित्रांनो,

गेल्या आठवड्यात सातवीतल्या एका दोस्ताचं पत्र आलं. पत्र कसलं, प्रश्नांची माळच! त्याचा आत्तेभाऊ अमेरिकेत, कोलोरॅडो राज्यातल्या डेन्व्हर शहरात राहतो. त्याच्या वर्गातला एक मुलगा यंदा पहिल्यांदाच वडिलांबरोबर ‘एल्क’च्या शिकारीला जाणार आहे. पण त्याआधी म्हणे त्याला परीक्षा द्यावी लागली! आपला दोस्त विचारतो, “काका, शिकारीची कसली परीक्षा? आपल्याकडे शिकार केली तर तुरुंगात टाकतात, मग तिथे कशी चालते? आणि तो मुलगा दुष्ट आहे का हो?”

तिसरा प्रश्न सगळ्यात अवघड. तो शेवटी घेऊ.

आधी एल्क म्हणजे कोण ते बघू. हा हरणांच्या कुळातला प्राणी, आपल्या सांबराचा दूरचा भाऊबंद. चांगला वाढलेला नर तीनशे किलोच्या पुढे जातो. दर वर्षी त्याची शिंगं गळतात आणि पुन्हा नवी येतात. शॉनी नावाच्या आदिवासींच्या भाषेतून आलेलं त्याचं दुसरं नाव ‘वापिटी’, म्हणजे पांढऱ्या पुठ्ठ्याचा. सप्टेंबरात नर असा ओरडतो, की लांबून कुणी तुतारी फुंकतंय असं वाटावं!

आता परीक्षा. कोलोरॅडोत १ जानेवारी १९४९ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या माणसाला शिकारीचा परवाना हवा असेल, तर आधी शिक्षण घ्यावं लागतं. म्हणजे कितीतरी आजोबांचीही यातून सुटका नाही! एल्कसारख्या मोठ्या प्राण्याच्या शिकारीसाठी वयाची बारा वर्षं पूर्ण हवीत, आणि सोळा वर्षांखालच्या मुलाबरोबर मोठं माणूस हवंच.

या वर्गात पहिला धडा बंदूक चालवण्याचा नसतो, न चालवण्याचा असतो. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं समजा. नळी कधीही माणसाकडे वळवू नका. बार काढायचा नसेल तेव्हा बोट चापावर ठेवू नका. आणि समोर काय आहे, त्याच्या मागे काय आहे, हे नक्की कळल्याशिवाय बार काढू नका. झुडूप हललं म्हणून गोळी झाडली आणि मागून माणूस निघाला, तर? म्हणून तर बंदूकवाल्या शिकाऱ्याला भडक नारिंगी किंवा गुलाबी जाकीट आणि टोपी घालावी लागते. गंमत म्हणजे हरणांना नारिंगी रंग आपल्यासारखा भडक दिसत नाही. शिकारी माणसाला दिसतो, एल्कला नाही!

परवाना मिळाला म्हणजे वाटेल तिथे, वाटेल ते मारा, असंही नाही. कुठल्या भागात, कुठल्या तारखांना, नर की मादी, हे सगळं त्यावर छापलेलं असतं. काही भागांचे परवाने तर सोडत काढून देतात. वेळही ठरलेली: सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत.

मग सुरू होतं चालणं. एल्क राहतात त्यातली बरीच राने अडीच-तीन हजार मीटर उंचीवर आहेत. आपलं कळसूबाई किती? १,६४६ मीटर! तिथली हवा विरळ, पाठीवर ओझं, पहाटेची थंडी. नवखा शिकारी म्हणूनच काही महिने आधीपासून चढ चढण्याचा सराव करतो, नकाशा वाचायला शिकतो. मग ठसे, लेंड्या, सालं खरवडलेली झाडं शोधत हिंडायचं. सगळ्यात महत्त्वाचा म्हणजे वारा. एल्कचं नाक फार तिखट. वारा आपल्याकडून त्याच्याकडे वाहत असेल, तर खेळ खलास! त्यामुळे शिकारी खिशात पावडरची छोटी बाटली ठेवतात. जराशी उडवली की वारा कुठे जातो ते कळतं.

एवढं करून हाती काय लागतं? कोलोरॅडोत साधारण पाचांतले चार जण रिकाम्या हातानं घरी येतात. आणि एल्क समोर आला, पण लांब आहे, पळतोय, फांद्यांआड आहे, तर चांगला शिकारी बंदूक खाली करतो. नेम चुकून प्राणी नुसता जखमी झाला, तर तो तडफडत राहतो. ज्याला बार न काढता परत फिरता येत नाही, त्यानं रानात जाऊच नये.

आणि बार लागला, तर खरं काम पुढेच! खाण्याजोगं मांस रानात टाकून येणं कायद्यानं गुन्हा आहे. ते लगेच कापून थंड करायचं आणि पाठीवरून, चार-पाच खेपा करून, गाडीपर्यंत आणायचं. एका एल्कवर घराची बरेच महिने बेगमी होते.

आता दुसरा प्रश्न. तिथे हे चालतंच कसं? एकेकाळी अमेरिकेतही बेसुमार शिकार झाली. लाखोंनी असलेले एल्क १९०० च्या सुमारास एक लाखाच्याही खाली आले. पूर्वेकडची एक जात तर कायमची संपली. मग लोकांना जाग आली. कडक नियम झाले. १९१३-१४ साली यलोस्टोनकडचे एल्क आणून कोलोरॅडोतल्या एस्टेस पार्कजवळ सोडले. १९३७ साली कायदा झाला आणि बंदुका व काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांसाठी राखून ठेवला गेला. आज उत्तर अमेरिकेत सुमारे दहा लाख एल्क आहेत. किती मारायचे, हे दर वर्षी कळप मोजून ठरतं. आपल्या देशात दाट वस्ती आणि थोडकी जंगलं. आपण वेगळा रस्ता धरला. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि १९९१ च्या दुरुस्तीनं हौशी शिकारीचे परवानेही बंद झाले. ते योग्यच झालं.

आणि तो मुलगा? दोस्ता, खरं सांगू? मला स्वतःला तो चाप ओढवणार नाही. पण रविवारी माझ्या ताटात कोंबडीचा रस्सा होता. ती कुणी मारली, कशी मारली, मी विचारलंसुद्धा नाही. तो मुलगा मात्र जे खाणार आहे, त्याच्या डोळ्यांत बघून येणार आहे. त्यानंतर कदाचित तो पुन्हा जाईल, कदाचित कधीच जाणार नाही. त्याला दुष्ट म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तुला वाईट वाटलं, तेही बरोबरच आहे. वाईट वाटणं सोडू नकोस.

आता तुमच्यासाठी गृहपाठ! पुढच्या सहलीला गडावर किंवा टेकडीवर जाल, तेव्हा दहा मिनिटं एका जागी गप्प बसा. चिमूटभर धूळ उडवून वारा बघा. ओल्या मातीत ठसे शोधा, वहीत काढा. बंदुकीशिवायचा हा अर्धा धडा आपल्यालाही जमतो. काय काय दिसलं ते मला नक्की कळवा. आणि घरी आई-बाबांना विचारा, त्यांना त्या मुलाबद्दल काय वाटतं?

तुमचाच,
काका