डिलीटच्या आधी डिस्कचा नकाशा बघा!

लॅपटॉपमधली 'सी' ड्राइव्ह लाल झाली की आपली पहिली कुऱ्हाड पडते ती फोटो-व्हिडिओंवर. काठीच्या होळीचं शूट, सारंगखेड्याचा घोडेबाजार, आजीनं भिलोरीत गायलेली गाणी, सगळं साफ! थांबा जरा. जागा नेमकी खाल्ली कुणी, ते तर बघा.

विनडिरस्टॅट हे मोफत सॉफ्टवेअर डिस्कचा रंगीत नकाशा काढतं. जितकी मोठी फाइल, तितका मोठा चौकोन. लिनक्सवर फाइललाइट हेच गोल चक्रात दाखवतं. चौकोनांची ही कल्पना अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठाच्या बेन श्नायडरमन यांची. १९९० मध्ये १४ जणांत मिळून असलेली त्यांची ८० एमबीची डिस्क सारखी भरायची, त्यातून ती सुचली.

मोठ्या चौकोनांत बऱ्याचदा जुने इन्स्टॉलर, बघून झालेले सिनेमे निघतात. ते उडवा, पुन्हा मिळतील. विंडोजच्या फोल्डरला मात्र हात लावू नका. आणि आजीचं गाणं? ते कुठल्याच साइटवर डाउनलोडला नाही. जागा झाली की आधी त्याची एक कॉपी पेनड्राइव्हवर घ्या.