येझदीत चुका काढू नका

या आठवड्यात डोकं फिरलं ते सोसायटीच्या पार्किंगमध्ये. वरच्या मजल्यावरच्या मुलानं हौसेनं जुनी येझदी घेतली आहे. काळा रंग, क्रोमची टाकी, दोन्ही सायलेन्सर लखलखीत. आणि तो मला सांगतो, "काका, हिची किक आणि गिअर एकच आहे. केवढी चूक! मी किक वेगळी बसवून घेणार."

चूक? यंत्र आधी समजून घ्यावं, मग पान्याला हात घालावा, हे मी या सदरात पंखा, शिलाई मशीन आणि सायकलबद्दलही लिहिलं आहे.

मूळ गाडी चेकोस्लोव्हाकियाची जावा. म्हैसूरच्या कारखान्यात ती १९६१ पासून बनू लागली, १९७३ पासून येझदी झाली आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला.

आता तो दांडा. डाव्या पायाशी आहे. इंजिनाकडे आत दाबून वर फिरवला की किक. गाडी सुरू झाल्यावर पुढे आणला की गिअर. शिवाय गिअर टाकताना तोच आतून क्लचही उचलतो. म्हणजे भर रस्त्यात क्लचची केबल तुटली, तरी दांडा दाबून धरायचा, पाय हळूहळू सैल करायचा आणि गाडी घरी आणायची. ज्यानं हे सुचवलं, त्याला रस्त्यावर अडकलेल्या माणसाची काळजी होती. ते उखडून टाकायचं आणि वर पैसे मोजायचे!

तेलाचं मात्र त्या पोराला काहीच माहीत नव्हतं, आणि ते जास्त गंभीर आहे. टू स्ट्रोक इंजिनात पेट्रोल क्रँककेसमधूनच वर जातं, म्हणून क्रँक आणि पिस्टनला लागणारं तेल पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं. मापात आधी तेल, मग पेट्रोलची धार, म्हणजे नीट मिसळतं. धूर होतो, कबूल. पण धुराला भिऊन तेल कमी घालणाऱ्यांची इंजिनं मी गॅरेजात उघडलेली पाहिली आहेत: पिस्टनवर उभे ओरखडे, बोट फिरवलं की नखाला लागतात.

खरी गोम उतारावर. ॲक्सिलरेटर बंद करून गाडी नुसती गिअरवर सोडली, तर चाक इंजिनाला गरागरा फिरवतं, पण पेट्रोल येत नाही, म्हणजे तेलही येत नाही. पिस्टन तापतो, फुगतो, सिलिंडरला धरतो. मागचं चाक जागच्या जागी जाम! आवाज कोरडा, घट्ट व्हायला लागला की त्याच क्षणी क्लच दाबायचा. विचार करायला वेळ नसतो.

हे पोरगं रविवारी पाचगणीला निघालं आहे. चढाची मला चिंता नाही. परतताना पसरणी घाटात दर वळणाआधी मूठ थोडी पिळायची, आणि डाव्या हाताची दोन बोटं सतत क्लचवर ठेवायची, एवढं त्याच्याकडून वदवून घेतलं आहे.