एक यंत्र, चार खेळाडू

गेल्या काही वर्षांत व्यापारी कुटुंबांतील मुलांच्या हाती एक नवे यंत्र दिसू लागले आहे. रूपाने ते खेळणे, परंतु अंतरंगाने पूर्ण संगणक. व्हॉल्व्ह कंपनीने २०२२ च्या फेब्रुवारीत स्टीम डेक बाजारात आणला; २०२३ मध्ये असूसचा आरओजी ॲलाय आणि लेनोवोचा लिजन गो आले. मध्ये सात-आठ इंचांचा पडदा आणि दोन्ही कडांना बटणे, अशी ही रचना एकाच माणसाच्या दोन हातांसाठी केलेली आहे, आणि एकत्र कुटुंबातील अडचण नेमकी तेथेच सुरू होते. सुट्टीत चुलत-मावस भावंडे जमली की यंत्र एकाच्या हाती राहते आणि उरलेली तिघे त्याच्या खांद्यावरून डोकावत बसतात. पाळी लावून दिली, आजीला घड्याळ धरून बसविले, तरी तंटा मिटत नाही.

उपाय साधा आहे. यंत्र टेबलावर उभे करावे किंवा तारेने टीव्हीला जोडावे आणि प्रत्येकाच्या हाती बिनतारी कंट्रोलर द्यावा. विंडोजवरील बहुतेक खेळ ज्या व्यवस्थेवर चालतात, ती एका वेळी चार कंट्रोलर ओळखते. असे असूनही अनेक घरांत हौसेने आणलेला कंट्रोलर दोन दिवसांत कपाटात जातो, कारण तो ‘लागत नाही’. वास्तविक अशा वेळी कंट्रोलर बिघडलेला क्वचितच असतो. तो दुसऱ्याच यंत्राशी बांधलेला असतो, एवढेच.

ब्लूटूथची जोडणी म्हणजे पेढीवर नवे खाते उघडण्यासारखी आहे. प्रथम भेटीत दोन्ही बाजू एकमेकींची ओळख पटवून एक गुप्त किल्ली ठरवितात आणि ती आपापल्या वहीत नोंदवितात. पुढच्या वेळी नुसते बटण दाबले की जुनी नोंद पाहून व्यवहार सुरू होतो. फरक इतकाच की हातातल्या संगणकाची वही जाडजूड असते, तर कंट्रोलरची वही बहुधा एका पानाची. एक्सबॉक्सचा २०२० नंतरचा कंट्रोलर ब्लूटूथचे एकच यंत्र लक्षात ठेवतो. त्याखेरीज एक्सबॉक्सच्या स्वतःच्या बिनतारी पद्धतीचे एक खाते त्याच्याजवळ वेगळे असते, आणि जोडणीचे बटण दोनदा दाबले की तो एकाकडून दुसऱ्याकडे वळतो. प्लेस्टेशनचा ड्युअलसेन्सही वर्षानुवर्षे एकनिष्ठ होता. २०२५ मध्ये सोनीने त्याला चार यंत्रे लक्षात ठेवण्याची सोय दिली, मात्र त्यासाठी त्याची आज्ञावली अद्ययावत करावी लागते.

म्हणूनच मुलगा कंट्रोलर घेऊन आत्याकडे राहून आला की घरचा डेक त्या कंट्रोलरला परका होतो. बटण दाबावे, तर तो आत्याच्या घरातील यंत्राला हाका मारीत राहतो. त्याच घरात प्लेस्टेशन असेल तर आणखी गंमत: मुले एका खोलीत कंट्रोलरचे बटण दाबतात आणि शेजारच्या खोलीतील प्लेस्टेशन जागा होतो! अशा वेळी संगणकाच्या ब्लूटूथ यादीतील जुनी नोंद पुसून खाते नव्याने उघडावे. एक्सबॉक्सच्या कंट्रोलरवर वरच्या कडेला, तारेच्या भोकाजवळ एक बारीक बटण आहे. कंट्रोलर चालू करून ते तीन सेकंद दाबून धरले की मधले चिन्ह भराभर लुकलुकू लागते. ड्युअलसेन्स बंद असताना ‘क्रिएट’ आणि ‘पीएस’ ही दोन बटणे एकत्र दाबून धरावीत. जुन्या ड्युअलशॉक ४ वर ‘क्रिएट’च्या जागी ‘शेअर’. मग डेकवर स्टीम बटणातून सेटिंग्ज आणि ब्लूटूथ, तर विंडोजच्या यंत्रांवर ‘ब्लूटूथ आणि उपकरणे’ या विभागात नवे उपकरण जोडावे.

जोडणी झाल्यावर दुसरा पेच उभा राहतो, आणि मला तो अधिक महत्त्वाचा वाटतो. यंत्राच्या अंगावरील बटणे हाही एक कंट्रोलरच आहे, आणि बहुतेक वेळा पहिला क्रमांक त्याच्याकडे असतो. टेबलावर उभ्या केलेल्या यंत्राला कोणी हात लावत नाही, तरी पहिला खेळाडू तोच. मग धाकटीने कितीही बटणे दाबली तरी पडद्यावरील पहिला गडी हलत नाही, आणि “मला मुद्दाम खोटा कंट्रोलर दिला” असा आरोप मोठ्या भावावर होतो. आरोप खोटा असला तरी डोळ्यांतले पाणी खरे असते. स्टीममध्ये कंट्रोलरांचा क्रम बदलण्याची सोय आहे. ती वापरून हातातील कंट्रोलर वर आणावा. विंडोजवर हे खेळागणिक बदलते, म्हणून सर्व कंट्रोलर आधी जोडून मगच खेळ उघडावा हे बरे. प्लेस्टेशनचा कंट्रोलर विंडोजला दिसतो आणि खेळाला दिसत नाही, असेही घडते. कित्येक खेळांना एक्सबॉक्सचीच भाषा समजते. तो खेळ स्टीममधून चालविला तर दुभाषाचे काम स्टीम करते.

कंट्रोलर मध्येच अडखळू लागला तर हवेतील गर्दीचा विचार करावा. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालते. वायफाय आणि स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्हही तेथेच. गर्दीतून वाट काढण्यासाठी मूळ ब्लूटूथ ७९ वाहिन्यांमधून सेकंदाला १६०० वेळा उड्या मारते. (अशा उड्यांच्या एका योजनेचे अमेरिकी पेटंट १९४२ मध्ये हेडी लमार ही चित्रपट अभिनेत्री आणि जॉर्ज अँथाइल हा संगीतकार यांना मिळाले होते.) घरातील वायफाय ५ गिगाहर्ट्झवर नेले, तर संगणकाला थोडा मोकळा श्वास मिळतो. काही कंट्रोलरांसोबत ब्लूटूथऐवजी छोटा यूएसबी डोंगल येतो. तो यूएसबी ३ च्या हबमध्ये अगदी खेटून लावू नये. त्या जोडणीतून निघणारा गोंगाट याच पट्ट्यात पसरतो, हे इंटेलने २०१२ मध्येच दाखवून दिले आहे. हातभर लांबीची यूएसबी वायर मध्ये घातली की बहुधा काम होते. खेळताना ब्लूटूथचे हेडफोनही त्याच यंत्रावर चढविणे टाळावे.

खरेदीविषयी दोन शब्द, कारण तो आपला प्रांत. जुन्या बाजारात एक्सबॉक्सचा कंट्रोलर स्वस्त मिळाला म्हणून लगेच घेऊ नये. २०१६ पूर्वीच्या नमुन्यांत ब्लूटूथ नाहीच. ओळखण्याची खूण सोपी: मधल्या गोल चिन्हाभोवतीचे प्लास्टिक कंट्रोलरच्या दर्शनी भागाशी सलग असेल तर ब्लूटूथ आहे, ते वरच्या खांद्याच्या बटणांशी सलग असेल तर नाही. तशा कंट्रोलरला तारेने मात्र जोडता येते. तार घेताना ती केवळ चार्जिंगची नाही, माहितीही वाहून नेते, याची खात्री करावी. अन्यथा पुन्हा ‘लागत नाही’चा घोष सुरू होईल.

खेळ कोणता निवडावा, हा प्रश्न आपल्या घरांत येणारच. ‘ओव्हरकुक्ड’ या २०१६ च्या खेळात चौघांनी मिळून स्वयंपाकघर सांभाळायचे असते आणि त्यात हास्याचे फवारे उडतात. परंतु त्या स्वयंपाकघरात मांस-मासळीही चिरली जाते, हे आधीच सांगितलेले बरे. २०१८ चा ‘अनरॅव्हल टू’ मला अधिक रुचतो. लोकरीच्या दोन चिमुकल्या बाहुल्या एकाच धाग्याने बांधलेल्या. एकीने उडी घेतली की दुसरीने धागा धरायचा. तो खेळायला दोन कंट्रोलर घ्यावेत, आणि एक्सबॉक्सचे असतील तर प्रत्येकी दोन पेन्सिल सेल लागतात, हे बाजारातून परतण्यापूर्वी लक्षात ठेवावे.